संगमनेरी कोकरू

कानिफ पेंटर थुंकी लावून येशूचं तोंड पुसतोय, ही बातमी मला दूधवाल्याकडून कळली. दूधवाला हिंदू, पेंटर हिंदू, येशू तेवढा आमचा. तेव्हा अख्ख्या गावाला कळून झाल्यावर मग ती आमच्या मंडळीपर्यंत आली. मी गॅस बंद केला आणि चर्चकडे निघाले.

मी मोनिका साळवे. छत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते. रिटायर झाल्यावर मला चर्चच्या कमिटीत घेतलं. पाच जणांत बाई मी एकटीच. चहा किती कप सांगायचा ते मला विचारतात, बाकीचं मला सांगतात. मला राग लवकर येतो असं सगळे म्हणतात, आणि ते ऐकलं की मला राग येतो.

कानिफनाथ बाचकर हा माणूस तुम्हाला ठाऊक नसेल, पण राहुरीकडून आमच्या गावात शिरलात तर त्याचा हात दिसल्याशिवाय राहणार नाही. शाळेच्या भिंतीवरचा पृथ्वीचा गोल त्याचा. ग्रामपंचायतीवरचं ‘हागणदारीमुक्त गाव’ त्याचं. डोंगर उचललेला मारुती त्याचा, आणि आमच्या फाटकावरची ‘उपासनेची वेळ’ पण त्याचीच. धनगराच्या घरचा. बापाची सत्तर-ऐंशी मेंढरं होती, यानं काठी सोडून ब्रश धरला. धंद्याचा नियम एकच, गिऱ्हाईक सांगेल तो रंग. एका बागायतदारानं संडासाच्या दारावर ‘सुस्वागतम्’ लिहून मागितलं, यानं लिहून दिलं, वर दोन्ही बाजूंना कमळं काढली. मी विचारलं तर म्हणाला, दार त्याचं हाय.

मग फ्लेक्स आले. गावातल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस चौकात टांगला जायला लागला आणि पेंटरकडे नंबरप्लेटी उरल्या. तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही. त्याची बायको लंकाबाई बोलायची, आणि दोघांपुरतं बोलायची.

आता चित्राचं सांगते. आमच्या मंडळीला यंदा दीडशे वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात इथे एक मिशनरी साहेब होता. तो गावोगाव प्रवचनं देत फिरायचा आणि त्याची मडम घरी बसून चित्रं काढायची. त्यातलं एक चर्चमध्ये लागलं, चार फूट बाय तीन. येशू मेंढपाळ आहे. कड्यावरून वाकून त्यानं हात खाली सोडलाय आणि खाली काटेरी झुडपात एक कोकरू अडकलंय. वर गिधाड घिरट्या घालतंय. हे सगळं आम्हाला ऐकून माहीत होतं, दिसत काही नव्हतं. कंदील, पेट्रोमॅक्स, मेणबत्त्या, सगळ्यांची काजळी त्यावर बसलेली. लहानपणी मला त्यात येशूचं कपाळ तेवढं दिसायचं.

दीडशे वर्षांच्या सणाला, डिसेंबरात, बिशपसाहेब येणार होते. आमचा सेक्रेटरी कल्याण भिंगारदिवे म्हणाला, हे उतरवून ठेवू आणि त्या जागी फ्लेक्स लावू, आठ बाय सहा, मागून लाईट. मी म्हणाले, येशूला चौकातल्यासारखं टांगायचं असेल तर मी कमिटी सोडते. मी गेले तर चहाचं कोण बघणार, म्हणून असेल, पण चित्र साफ करायचं ठरलं आणि जूनमध्ये कानिफला बोलावलं.

तर मी चर्चला पोचले. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यांच्या खोलीत चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं. कानिफ काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि येशूच्या गालावरून हलकेच लोळवायचा. कापूस काळा व्हायचा. मग नवीन कापूस. शेजारी काळ्या बोळ्यांचा ढीग लागला होता आणि ढिगाशेजारी कल्याण उभा होता, रागानं फुललेला. ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो त्याच्यावर थुंकी, म्हणाला. कानिफनं मान वर न करता सांगितलं की पाण्यानं खालचं अस्तर फुगतं, रॉकेलनं रंग सुटतो, थुंकी कोमट असते आणि रंगाला चावत नाही. एका कोपऱ्यात त्यानं तिन्ही करून बघितलं होतं. मी कल्याणला विचारलं, आंधळ्याचे डोळे प्रभूनं कशानं बरे केले? थुंकीनं चिखल करून, माहीत आहे ना? कल्याण म्हणाला, ती त्याची स्वतःची थुंकी होती. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले. कापसाचे बोळे करणं म्हणजे माझं छत्तीस वर्षांचं काम. मी बोळे करायचे आणि तो पुसायचा. पाळकसाहेबही यायचे, हातात एक जुनं पुस्तक घेऊन. अशा चित्रांत प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो, ते सांगायचे. लाल झगा म्हणजे रक्त. झग्याचं निळं अस्तर म्हणजे स्वर्ग. काटे म्हणजे पाप आणि गिधाड म्हणजे सैतान. कानिफ सगळं ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, पाप असंल साहेब, पण बाभळीचं हाय. पाळकसाहेब जवळ जाऊन बघायला लागले. खरंच, जोडीजोडीनं पांढरे लांब काटे होते. मडमनं परक्या देशातलं झुडूप काढलं नव्हतं, बंगल्यामागची बाभळ काढली होती.

त्या मडमच्या हातावर कानिफ लई खूश होता. आमी पत्र्यावर जाड रंग थापतो, मला सांगायचा. हिनं खाली पांढरं शुभ्र अस्तर दिलं आणि वरून रंग इतका पातळ ठेवला, थरावर थर, की खालचा पांढरा आतून उजेड देतो. एक थर वाळायला आठवडा धरला तर नुसत्या झग्याला चार महिने गेले असतील. साहेब लई दिवस बाहेर असायचा वाटतं, म्हणाला.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की तो डोळे फिरवत नाही, मुंडकं फिरवतो. चहाचा कप बाजूला ठेवला तर त्याला दिसत नाही, हात लागून सांडतो. दोनदा सांडला. तिसऱ्यांदा मी त्याला एसटीत घातलं आणि नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं गेलेलं, मधलं तेवढं राहिलेलं, आणि तेही आटत चाललेलं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलं किती महिने राहील ते सांगता येत नाही.

परत येताना विळद घाटात त्यानं मुंडकं माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाला, "जवळून मला त्याचा डोळा दिसतो, न्हाईतर खूर दिसतो. चित्र भिंतीला लागलं आन मी चर्चच्या दारात उभा राहिलो, तर सगळं एकदम मावंल. एकदा सगळं एकदम बघायचंय, सिस्टर. मग गेले तर गेले."

लंकाला सांगू नका, असंही म्हणाला. मी त्याच संध्याकाळी लंकाबाईला सांगितलं. थेंब कोण घालणार होतं?

सगळ्यात शेवटी त्यानं कोकरू साफ करायला घेतलं. तीन दिवस पुसलं. कापूस पांढरा निघायला लागला, तरी कोकरू काळंच. कल्याण म्हणाला, काजळी राहिलीय. कानिफ म्हणाला, काजळी संपली, हे मेंढरूच काळं हाय. आमच्याकडची मेंढरं काळीच असतात. लोंबते कान, वाकडं नाक, काळी लोकर. मडमनं जशी दारची बाभळ काढली तसं दारावरून जाणारं मेंढरू काढलं होतं. कानिफला इतका आनंद झाला होता की त्यानं मला हाताला धरून टेबलाशी नेलं. काळ्या रंगाचा डबा हिनं उघडलाच न्हाई, म्हणाला, निळ्यावर तपकिरी, तपकिरीवर निळा, असं करत काळं केलंय. मला काळं दिसलं. मी हो हो म्हणाले.

मग कमिटीची मीटिंग झाली. कल्याण म्हणाला, कोकरू निष्कलंक पाहिजे, शास्त्रात तसं लिहिलंय. मी म्हणाले, देवाचा कोकरा वेगळा आणि हरवलेलं मेंढरू वेगळं, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका. हरवलेलं मेंढरू म्हणजे आपण. कल्याण म्हणाला, म्हणजे आपण काळे? आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. मग काळं म्हणजे पाप, बिशपसाहेब काय म्हणतील, पोरांवर काय संस्कार होतील, असं दोन तास चाललं. लाईट गेलेली, पंखा बंद. दोन हात पांढऱ्याला, दोन काळ्याला, राहिले मी. कल्याण म्हणाला, काळंच ठेवायचं असेल तर वरच्या ऑफिसला पत्र लिहावं लागेल, उत्तर येईपर्यंत चित्र कपाटात राहील. पांढरं करायचं असेल तर या रविवारी भिंतीवर लावू.

मला कानिफचे डोळे दिसत होते. वरच्या ऑफिसच्या पत्राला दोन दोन वर्षं लागतात हे मला माहीत होतं. म्हटलं, भिंतीवर लागू दे एकदाचं, कोकराच्या रंगानं काय होतंय. मी पांढऱ्याला हात वर केला.

कानिफला मीच जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, गिऱ्हाईक सांगेल तो रंग, असं काहीतरी म्हणेल.

"तुमचा हात कुठं हुता?" त्यानं विचारलं.

"पांढऱ्याला."

"बरं," म्हणाला.

दोन दिवसांत कोकरू पांढरं झालं. शनिवारी चित्र भिंतीला लागलं. मी निरोप धाडला की या, दारात उभे राहा. तो आला नाही. मी त्याच्या घरी गेले तर म्हणाला, ते माझं न्हाई आन त्या बाईचंबी न्हाई, बघून काय करू. मी म्हणाले, आखडू नका पेंटर, दिवस कमी आहेत. तो नंबरप्लेट रंगवत बसला. आकडे एकमेकांवर चढत होते.

रविवारी उपासनेला चर्च भरलं. मूक प्रार्थना चालू होती. पुढच्या बाकावर राहीबाई होती. वय ऐंशी, घरी सात शेळ्या. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मनात बोलली तरी सगळ्यांना ऐकू जातं. ती म्हणाली, "हे करडू कुणाचं?"

मग तीच म्हणाली, "संगमनेरी हाय."

सगळ्यांनी डोळे उघडले. आणि मग काही इलाज राहिला नाही. पांढरं अंग, लोंबते कान, वाकडं नाक, ही संगमनेरी शेळीची खूण. आमच्या जिल्ह्यात असं दिसणाऱ्या जनावराला लहान पोरगंही शेळी म्हणतं. दीडशे वर्षं कड्यावर वाकलेला आमचा प्रभू एका संगमनेरी करडाला हात देत होता. आणि शास्त्रात तर स्पष्ट लिहिलंय की शेवटच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, आणि डावीकडच्यांचं पुढे काय होतं तेही लिहिलंय. मी बघितलं, चित्रातला हात डावा होता.

कल्याणनं हार मानली नाही. त्याचा पुतण्या पार्थ राहुरीला शेतकी कॉलेजात शिकतो, त्याला त्यानं कोकराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि फक्त ‘हे काय आहे’ एवढंच विचारलं. पार्थनं उत्तर पाठवलं, शेळीचं करडू, वय अंदाजे तीन महिने, बांधा चांगला आहे, घेऊन टाका.

यानंतर चार मीटिंगा झाल्या. एकात कान आखूड करायचं ठरलं. दुसऱ्यात लोकर वाढवायचं ठरलं. तिसरी कोरम नाही म्हणून तहकूब झाली. जुलै गेला, गणपती आले, बसले, गेले. मी प्रत्येक मीटिंगला भांडले, आता भांडून काय उपयोग हे माहीत असूनही भांडले. नोव्हेंबरात सर्वानुमते ठराव झाला की कोकरू पूर्ववत करण्यात यावे. वरच्या ऑफिसच्या पत्राची आठवण कुणाला झाली नाही. ‘पूर्ववत’ हा शब्द कल्याणचा. ‘काळे’ असं त्याला लिहवेना.

ठरावाचा कागद घेऊन मी तडक कानिफच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता, लंकाबाई शेजारी शेंगा फोडत होती. मी पायऱ्या चढले तेव्हा त्यानं तोंड माझ्या चपलांच्या आवाजाकडे वळवलं, माझ्याकडे नाही. छत्तीस वर्षांत असलं वळणं मी खूप पाहिलंय.

मी विचारलं, कधीपासून. दसऱ्यापासून, म्हणाला. उजेड कळतो, माणूस कळत न्हाई.

मी तिथेच खाली बसले. दवाखान्यात माणसं मेली तरी मी लोकांसमोर रडले नव्हते. तिथे रडले. लंकाबाईनं पाणी आणून दिलं. त्यानं मला रडू दिलं. मग कागद कसला आहे ते विचारलं, मी वाचून दाखवला. तो म्हणाला, रंगवायची गरज न्हाई. तो पांढरा रंगच न्हाई. डिंकात कालवलेला खडू हाय, खाली व्हार्निशचा एक हात दिलाय, पाणी आत जात न्हाई, ओला कापूस फिरवला की निघंल.

मला असा संताप आला की रडं थांबलं. म्हणजे पहिल्या दिवशीच, तुमचे डोळे होते तेव्हाच, मी एका वाटी पाण्यानं पुसलं असतं की हो, मी ओरडले. सांगायला काय झालं होतं तोंडाला?

"पांढरं तर तुमीच सांगितलं हुतं, सिस्टर," तो म्हणाला.

टोमणा नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई त्याला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन आली. आम्ही तिघंच होतो. त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि मी पाण्याची वाटी आणि कापूस घेऊन स्टुलावर चढले. तो खालून सांगत होता. घासायचं न्हाई, लोळवायचं. एक बोळा एकदाच. कडेकडून आत. आधी कान निघाला, मग मान, मग पाठ. खडूचं दूध खाली ओघळायचं, ते मी पदरानं टिपत होते. पोटाशी आले तर तिथे काळ्यात एक लालसर डाग दिसला. पुसला तरी जाईना. मला वाटलं, डिंकानं चित्र खराब केलं. मी विचारलं, पोटाखाली लाल डाग पडलाय, जरा जोर लावून काढू का?

"हात लावू नका!" तो बाकावरून उठलाच. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग हळू म्हणाला, "तो डाग न्हाई. त्याच्या झग्याचा लाल हाय. त्यो वाकलाय ना, तर झग्याचा रंग खाली मेंढराच्या पोटावर पडलाय. बाईनं एकच हात दिलाय, इतका पातळ. मी पांढरं केलं तवा वरून तसाच लाल द्यायला बघितला. पांढऱ्यावर लई भडक व्हायला लागला, मग सोडून दिला."

मी नाक लावून बघितलं. कोकराच्या पोटाखाली, काळ्यात, झग्याचा लाल होता. पाळकसाहेबांच्या पुस्तकात याचा काही अर्थ दिला होता का ते मला माहीत नाही.

सगळं निघाल्यावर मी स्टुलावरून उतरले. तो म्हणाला, दारात घेऊन चला. लंकाबाईनं एक हात धरला, मी एक. दारात पोचल्यावर तो वळून उभा राहिला, पण तोंड बाजूच्या वर्गणीच्या फळ्याकडे होतं. मी खांद्याला धरून त्याला चित्राकडे फिरवलं.

"सांगा," तो म्हणाला.

मी सांगायला लागले. वर गिधाड आहे. डावीकडे कडा आहे. येशूची पाठ वाकली आहे, झगा उजळ लाल दिसतोय, बाभळीचे काटे चमकतायत. कोकराचा कान, कोकराचे पाय, सगळं एकेक सांगत होते.

त्यानं मला थांबवलं. "असं तुकड्यातुकड्यानं नको. सगळं एकदम काय दिसतंय?"

मी बघितलं. साठ वर्षं त्याच दारातून आत जाते मी.

"एक माणूस मेंढराला वर काढतोय," मी म्हणाले.

"काळ्या?"

"काळ्या."

"मग बराबर हाय," तो म्हणाला, आणि लंकाबाईच्या हाताच्या आधारानं पायऱ्या उतरायला लागला.